हॉटेलच्या इमारतीतली वीज: मेन पॅनलपासून पलंगाजवळच्या सॉकेटपर्यंत

चोवीस वर्षांपूर्वी मी वायरमनचा हेल्पर म्हणून हॉटेलच्या मेंटेनन्समध्ये शिरलो. आज विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तरीही नव्या इमारतीत रुजू झालो की माझा पहिला आठवडा एकाच कामात जातो. वही, टॉर्च आणि खडू घ्यायचा, वीज जिथून आत येते तिथून चालायला लागायचं आणि शेवटच्या खोलीतल्या पलंगाजवळच्या सॉकेटपर्यंत पोचायचं. तोवर कुठल्याही पॅनलला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. ज्यांच्या हातात नुकतीच एखाद्या हॉटेलची इमारत आली आहे, मग ते इंजिनिअर असोत, सुपरवायझर असोत किंवा लहान हॉटेलचे मालक, त्यांना मी याच वाटेने घेऊन जाणार आहे.

हॉटेल रात्री कुलूप लावून बंद होत नाही. शटडाऊन घ्यायचा तर कुणाची तरी झोप, कुणाची आंघोळ, कुणाचं लग्न मध्ये येतंच. शिवाय इथे माणसं अनोळखी इमारतीत झोपलेली असतात. अंधार झाला किंवा धूर आला तर जिना कुठे आहे हे त्यांना सुचणार नाही. त्यामुळे इथली वीज सांभाळणाऱ्याला घाईची सूट नाही.

आधी वाट पायाखाली घाला

मोठ्या हॉटेलात वीज उच्च दाबाने येते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये ती ४०० व्होल्टच्या आसपास उतरते. तिथून मेन एलटी (कमी दाबाचं) पॅनल. त्यात इनकमर, म्हणजे वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर, म्हणून एसीबी (एअर सर्किट ब्रेकर), बसबारचे, म्हणजे वीज वाटणाऱ्या जाड पट्ट्यांचे, निदान दोन भाग आणि ते जोडणारा बस कपलर: एका भागावर साधा लोड, दुसऱ्यावर जनरेटरवर चालायलाच हवा असा लोड. पॅनलमधून निघालेले फीडर (वीज पुढे नेणाऱ्या लाइन) चिलर, पंप, किचन, लाँड्री, लिफ्ट यांच्याकडे जातात. एक फीडर रायझिंग मेन म्हणून शाफ्टमधून वर चढतो आणि प्रत्येक मजल्याच्या डीबीला (डिस्ट्रिब्युशन बोर्डला) वीज देतो. तिथून खोलीची छोटी डीबी, तिथून सॉकेट.

हे सगळं भिंतीवरच्या सिंगल लाइन डायग्राममध्ये असतं. पण तो डायग्राम इमारत उभी राहिली त्या दिवसाचा असतो. नंतर बँक्वेट वाढला, एक खोली काढून स्पा झाला, बेसमेंटमध्ये कुणीतरी पंप बसवला. यातलं कागदावर काहीच चढत नाही. एका ठिकाणी पॅनलवर ‘स्पेअर’ लिहिलेला ६३ ॲम्पिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर) चालू दिसला. साफसफाईच्या ओघात माझ्या माणसाने तो बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी होतं, कारण तो ‘स्पेअर’ सांडपाण्याच्या पंपाला वीज देत होता. तेव्हापासून माझा नियम आहे: लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, फीडर सिद्ध करायचा.

सिद्ध करायचा म्हणजे असा. फ्रंट ऑफिसला आधी कळवा, गर्दी नसलेली वेळ घ्या. एक माणूस पॅनलपाशी, दुसरा लोडच्या टोकाला, दोघांकडे वॉकीटॉकी. आधी टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा चिमटा) लावून फीडरवर करंट आहे का ते बघा. शून्य ॲम्पिअर दाखवलं तरी फीडर मोकळा आहे असं धरू नका. थर्मोस्टॅटवर किंवा फ्लोटवर चालणारं यंत्र त्या क्षणी थांबलेलं असू शकतं. मग टोकाच्या माणसाशी बोलून फीडर बंद करा, त्याच्याकडे काय बंद झालं ते त्याने सांगायचं, तुम्ही लिहायचं. नवं लेबल त्याच दिवशी लावा. डायग्रामवर लाल पेनाने दुरुस्ती करा आणि तारीख घाला. नीटनेटका नवा डायग्राम नंतर काढता येतो, लाल पेनाच्या खुणा मात्र आजच्या आजच हव्यात.

वाटेत चालताना तीन वेळी करंट लिहून ठेवा: सकाळी सातला, दुपारी दोनला, रात्री नऊला. तिन्ही फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर), असे चारही आकडे. सकाळी सातला गरम पाणी, किटली आणि हेअर ड्रायर एकदम चालतात. दुपारी एसी आणि लाँड्रीचा भर असतो, रात्री किचन आणि बँक्वेट. १०० खोल्यांची प्रत्येकी ३ किलोवॉट जोडणी म्हणजे ३०० किलोवॉट होतात, पण सगळ्या खोल्या एकाच क्षणी पूर्ण लोड कधीच घेत नाहीत. तुमच्या इमारतीत प्रत्यक्षात किती घेतात हे महिनाभराच्या नोंदींतूनच कळतं, आणि नवीन यंत्र लावायला जागा आहे का याचं उत्तरही त्या वहीतच सापडतं.

न्यूट्रल

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण नवीन माणूस फेजकडे बघतो आणि न्यूट्रलला विसरतो.

एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून पाच मिनिटांत तीन फोन आले. एका खोलीत टीव्ही बंद पडला आणि जळका वास येतोय. दुसऱ्या खोलीत दिवे मंद झालेत. तिसऱ्या खोलीत किटलीचं पाणी तापतच नाही. ड्यूटीवरचा मुलगा टीव्ही बघायला निघाला. मी त्याला जिन्यातच थांबवलं आणि आधी मजल्याची डीबी बंद करायला लावली. झाकण उघडलं तर न्यूट्रलच्या बसबारवरची मेन लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) निळसर काळी पडलेली, शेजारच्या वायरचं इन्सुलेशन बिस्किटासारखं कडक झालेलं, आणि बोल्ट वीज बंद असताना बोटाने फिरत होता.

काय झालं ते समजून घ्या. प्रत्येक खोलीला एक फेज आणि न्यूट्रल मिळतो, म्हणजे २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरच्या खोल्या एकमेकींशी सिरीजमध्ये येतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी लोडप्रमाणे होते. समजा एका फेजवर २ किलोवॉटची किटली आहे आणि दुसऱ्यावर फक्त १०० वॉटचा दिवा. किटलीचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम, दिव्याचा ५२९. हिशेब केला तर दिव्याच्या वाट्याला सुमारे ३८० व्होल्ट येतात आणि किटलीला जेमतेम २०. म्हणून एका खोलीत पाणी तापत नाही आणि दुसऱ्या खोलीत टीव्ही जळतो.

काही खोल्यांत दिवे भगभगीत आणि काहींत मंद, अशी तक्रार एकाच मजल्यावरून आली की मजल्याचा इनकमर ताबडतोब पाडा. एकेक खोली बंद करत बसू नका. प्रत्येक लोड कमी झाला की वाटणी आणखी बिघडते आणि उरलेल्या खोल्यांची यंत्रं जातात. कारण शोधायचं ते नंतर.

हे होऊच नये म्हणून काय करायचं? वर्षातून एकदा शटडाऊन घेऊन मेन पॅनलपासून मजल्याच्या डीबीपर्यंतचे न्यूट्रलचे सगळे जोड तपासा. बोल्ट टॉर्क रेंचने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलेला बोल्टही पुढे सैल पडतो. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला जोडली असेल तर मधे बायमेटॅलिक लग हवी, नाहीतर जोड हळूहळू गंजून खराब होतो. शटडाऊनच्या आधी, लोड चालू असताना, थर्मल कॅमेऱ्याने फोटो घ्या. एकट्या फोटोतल्या तापमानावरून फार कळत नाही. सारखाच करंट वाहणारे तीन जोड शेजारी शेजारी ठेवून बघा. एखादाच जास्त गरम असेल तर तोच सैल आहे.

आणखी एक गोष्ट. तिन्ही फेजवर लोड सारखा वाटला की न्यूट्रलमध्ये करंट राहत नाही, असं आपण शिकलो. हीटर आणि मोटारींपुरतं ते खरं होतं. एलईडी ड्रायव्हर, टीव्ही, चार्जर, संगणक यांच्यामुळे तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा करंट) तयार होतो आणि तो तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये रद्द होण्याऐवजी बेरीज होतो. फेज समतोल असूनही न्यूट्रल गरम लागण्याचं कारण हेच. म्हणून फेजपेक्षा बारीक न्यूट्रल कधीही टाकू नका, आणि मोजायला ट्रू आरएमएसचा टाँग टेस्टरच वापरा. साधा टेस्टर अशा करंटचा आकडा कमी दाखवतो.

शक्य असेल तर प्रत्येक मजल्याच्या इनकमरला ओव्हर व्होल्टेज आणि अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की ब्रेकर पाडणारा) लावून घ्या. त्या संध्याकाळनंतर मी तो सगळ्या मजल्यांना लावून घेतला.

ट्रिप झालेला ब्रेकर काहीतरी सांगत असतो

ब्रेकर पडला की वर करायचा, ही सवय मोडा. आधी लिहा: कुठला पडला, किती वाजता, तेव्हा काय चालू होतं. मग कारण शोधा.

एमसीबी, म्हणजे डीबीतला छोटा ब्रेकर, दोन कारणांनी पडतो. ओव्हरलोड असेल तर आतली पट्टी तापून वाकते आणि थोड्या वेळाने तो पडतो. शॉर्ट सर्किट असेल तर कॉइल त्याला क्षणात पाडते. बी प्रकारचा एमसीबी आपल्या रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला क्षणात पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटींना, डी प्रकारचा १० ते २० पटींना. कॉम्प्रेसर सुरू होताना एमसीबी पडत असेल तर प्रकार चुकलेला असू शकतो. पण सारखा पडतो म्हणून १६ ॲम्पिअर काढून ३२ लावणं हा गुन्हा समजा. एमसीबी त्या वायरला सांभाळतो. ३२ लावलात तर ब्रेकर शांत राहील आणि भिंतीतली वायर जळेल.

आरसीसीबीचं काम वेगळं. आत गेलेला आणि परत आलेला करंट यांतला फरक तो बघतो; ३० मिलीॲम्पिअरचा असेल तर तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायलाच हवा. तो पडला की त्याच्याखालचे सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चालू करत जा. ज्याच्यावर पडेल ते सर्किट दोषी. इथे नवीन मुलं एका ठिकाणी हमखास अडकतात: सगळे एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडतो. मग ते आरसीसीबीच खराब ठरवतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर आरसीसीबी पडतच राहणार. अशा वेळी डीबी पूर्ण बंद करा, न्यूट्रल बसबारवरून एकेक वायर सोडवा आणि मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) अर्थशी तपासा. ५०० व्होल्टच्या मेगरवर निदान १ मेगाओहम यायला हवा. त्याआधी दिव्यांचे ड्रायव्हर, डिमर आणि कार्ड स्विच सोडवा, नाहीतर मेगर त्यांचाच बळी घेईल.

किचनमध्ये ही तक्रार जास्त येते. ओव्हन किंवा डिशवॉशर बरेच दिवस बंद राहिला की हीटिंग एलिमेंटच्या आतली पावडर हवेतला ओलावा शोषते आणि पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडतो. एलिमेंट सोडवून मेगर करा. वाळवल्यावर आकडा चढतो का बघा. चढला नाही तर एलिमेंट बदला. आरसीसीबी बायपास करून जेवणाची वेळ निभावून नेऊ का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणा. ओल्या फरशीवर, हातात स्टीलचं भांडं घेऊन माणसं उभी असतात. तिथे त्या ३० मिलीॲम्पिअरवरच त्यांचा जीव टांगलेला असतो.

आरसीसीबीचं टेस्ट बटण नियमित दाबा आणि तारीख लिहा. पण ते बटण फक्त आतली यंत्रणा चालते की नाही एवढंच सांगतं, सॉकेटपर्यंत अर्थ पोचलाय की नाही ते सांगत नाही. त्यासाठी सॉकेटवरच वेगळी तपासणी लागते.

खोलीच्या आत

कार्ड काढलं की खोलीची वीज जाते, हे काम कार्ड स्विचमागचा काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) करतो. फ्रिज आणि चार्जिंगचा एक सॉकेट त्याच्या बाहेर ठेवा. काँटॅक्टर गुणगुणायला लागला की पाहुण्याची तक्रार येण्याआधी बदला. पलंगामागच्या भिंतीत तो आवाज रात्री फार मोठा वाटतो.

बाथरूममध्ये आंतरराष्ट्रीय मानकं अंतराच्या भाषेत बोलतात. टबच्या किंवा शॉवरच्या जागेच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आत साधा सॉकेट नको. शेव्हरचा सॉकेट असेल तर तो आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवरचा हवा. नूतनीकरणात बेसिन सरकतं, टब जाऊन शॉवर येतो आणि जुना सॉकेट नकळत या हद्दीत सापडतो. म्हणून प्लंबिंगचा नकाशा बदलला की विजेचा पण पुन्हा बघा.

तुमचे सगळ्यात चांगले तपासनीस हाउसकीपिंगमध्ये आहेत. त्या रोज प्रत्येक खोलीत जातात. ताईंना सांगून ठेवा की जळका वास, गरम लागणारी स्विचप्लेट, लुकलुकणारा दिवा, प्लग सैल बसणारा सॉकेट, यातलं काहीही दिसलं तर लगेच कळवा, आणि कळवल्यावर तुमचा माणूस त्याच दिवशी तिथे पोचला पाहिजे. दोनदा कुणी फिरकलं नाही तर तिसऱ्यांदा त्या कळवणार नाहीत. पॅसेजमधले सॉकेट आधी तपासा. व्हॅक्युम क्लीनरची वायर दुरूनच ओढून प्लग काढला जातो, त्यामुळे त्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल होतात आणि ठिणगी पडायला लागते.

शाफ्ट आणि धूर

२१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये आग लागली आणि ८५ माणसं गेली. आगीचं मूळ तळमजल्यावरच्या खाण्याच्या ठिकाणी, थंड पदार्थांच्या शोकेसच्या वायरिंगमध्ये होतं. अर्थ फॉल्ट झाला आणि वायर भिंतीच्या आत धुमसत राहिली. मेलेल्यांपैकी बहुतेक लोक आगीपासून खूप दूर, वरच्या मजल्यांवर होते. जिने, लिफ्टच्या विहिरी आणि मोकळ्या फटींमधून धूर त्यांच्यापर्यंत चढला.

म्हणून शाफ्टमधून नवीन केबल टाकायला कुणीही आलं, मग ते इंटरनेटवाले असोत की सीसीटीव्हीवाले, प्रत्येक मजल्यावरचं भोक फायर सीलंटने बंद झालेलं स्वतः बघितल्याशिवाय त्यांचं काम पूर्ण झालं असं लिहून देऊ नका. शाफ्टमध्ये झाडू, रंगाचे डबे, जुने पडदे ठेवलेले दिसले तर तिथेच उभं राहून बाहेर काढायला लावा.

मेन गेल्यावर

जनरेटर सुरू होऊन लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात. त्या अंधारात आणीबाणीचे दिवे आपल्या बॅटरीवर चालले पाहिजेत. त्यांची छोटी चाचणी दर महिन्याला आणि बॅटरी संपेपर्यंतची पूर्ण वेळेची चाचणी वर्षातून एकदा घ्या. पूर्ण चाचणी झाल्यावर बॅटऱ्या रिकाम्या असतात, म्हणून ती दिवसा आणि टप्प्याटप्प्याने घ्या.

जनरेटर दर आठवड्याला रिकामा फिरवून ‘ओके’ लिहिणाऱ्या लॉगबुका मी खूप पाहिल्या. सतत ३० टक्क्यांपेक्षा कमी लोडवर चाललेल्या डिझेल इंजिनात न जळलेलं इंधन आणि काजळी साठते. महिन्यातून एकदा मेनचा इनकमर खरोखर पाडा आणि जनरेटरला हॉटेलचा लोड घेऊ द्या. चेंजओव्हर होतो का, लिफ्ट परत सुरू होते का, यूपीएस मधली फट भरून काढतो का, हे तेव्हाच कळतं. बॅटरी तपासताना उभ्या इंजिनावरचा व्होल्टमीटर फसवतो. सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतो तो आकडा लिहा.

लोड एकदम टाकू नका. थेट सुरू होणारी मोटार सुरुवातीला आपल्या करंटच्या सुमारे ६ पट ओढते. आधी दिवे आणि सुरक्षा यंत्रणा, मग लिफ्ट, मग कोल्ड स्टोरेज, शेवटी कूलिंग. फायर पंपाचा फीडर मेन ब्रेकरच्या आधीच निघालेला आहे ना, ते आजच बघा. अग्निशमन दल आल्यावर इमारतीची मेन पाडतं. तेव्हाही पंप चालू राहिला पाहिजे. त्या ब्रेकरवर मोठ्या अक्षरांत ‘फायर पंप, बंद करू नये’ असं लिहा.

बिलाबद्दल थोडं

४०० किलोवॉटचा लोड ०.८ पॉवर फॅक्टरला ५०० केव्हीए मागतो, ०.९८ ला साधारण ४०८. या फरकाएवढी जागा ट्रान्सफॉर्मरवर मोकळी होते. मात्र हार्मोनिक जास्त असतील तर पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले नुसते कॅपॅसिटर फुगतात. सोबत डीट्यून्ड रिॲक्टर (हार्मोनिकपासून कॅपॅसिटरला वाचवणारी कॉइल) हवा. पंखे आणि पंप यांना व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) लावून वेग ८० टक्क्यांवर आणला तर पंख्याची पॉवर जवळपास निम्म्यावर येते, कारण पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. रात्री बँक्वेट रिकामा असताना त्याचा एएचयू (थंड हवा फिरवणारं युनिट) पूर्ण वेगाने फिरतोय का, इथून सुरुवात करा.

हात लावण्याआधी

ब्रेकर बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात, टॅगवर त्याचं नाव आणि वेळ. मग टेस्टर आधी चालू सर्किटवर लावून बघा, नंतर बंद केलेल्यावर, आणि परत चालूवर. तिसऱ्यांदा का, तर मधल्या क्षणी टेस्टरच मेलेला नव्हता याची खात्री हवी. हॉटेलमध्ये वीज मागच्या दाराने, जनरेटर किंवा यूपीएसमधून, परत येऊ शकते, म्हणून तिन्ही फेज आणि न्यूट्रल सगळे अर्थशी तपासा. कॅपॅसिटर पॅनल बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतं. डिस्चार्जला वेळ द्या, मग मोजा. उच्च दाबाच्या बाजूला परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणीही जायचं नाही, कितीही घाई असली तरी.

आणि शिफ्ट बदलताना लॉगबुकात एक ओळ रोज हवीच: आत्ता कुठले ब्रेकर बंद आहेत, कशासाठी, कुलपाची किल्ली कुणाकडे. ती ओळ जाणाऱ्याने वाचून दाखवायची आणि येणाऱ्याने पॅनलसमोर उभं राहून सही करायची.